कूलरसमोरची जागा

केशवने पेटीचा शेवटचा स्क्रू काढून झाकण उचललं आणि आत बॅटरीचा उजेड मारला. सीताबर्डीहून आलेला हा कॉम्प्युटरचा मेकॅनिक. अठ्ठ्याऐंशी सालच्या नागपुरात अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्याला महाल भागातल्या या घरापर्यंत आणायला चंद्रभानने दोन दिवस चकरा मारल्या होत्या.

चंद्रभान त्याच्या शेजारीच उभा होता. परवा वडिलांची तेरवी झाली, डोकं अजून गुळगुळीतच होतं. केशवने आल्या आल्या ते डोकं पाहिलं, "वडील?" एवढंच विचारलं आणि समोरची मान हलल्यावर पेचकस हातात घेतला. कसे गेले, ते त्याने विचारलं नाही. चंद्रभाननेही आपणहून सांगितलं नाही. ते सांगायला छाती लागते.

तसं सांगण्यासारखं फार नव्हतंच. घरात कूलर एकच, आणि तो या खोलीत. फेब्रुवारीत कॉम्प्युटर आला. कॉलेजांच्या प्रवेशाच्या याद्या झटपट करून देईल असा प्रोग्राम चंद्रभान त्यावर लिहीत होता. विकणाऱ्याने बजावलं होतं, मशीन थंड जागी ठेवा. आता थंड जागी ठेवा म्हटल्यावर नागपूरचा माणूस दुसरं काय करणार? ऊन तापायला लागलं तसं टेबल कूलरच्या पुढ्यात आलं. टेबल आणि वडिलांची बाज एका खोलीत मावेनात, तेव्हा महादेवरावांनी आपली बाज स्वतःच उचलली आणि टिनाच्या पडवीत नेऊन टाकली. लाइनमनच्या नोकरीत सारी उमर विजेच्या खांबांवर गेलेला माणूस. म्हणाले, "मले काय होते? त्याले जप. नवं आहे ते." चंद्रभान नको म्हणाला होता. पण एकदाच म्हणाला होता.

मे अखेरच्या नवतपाच्या, त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतल्या चौथ्या दिवशी महादेवरावांना त्या पडवीतच ऊन लागलं. दवाखान्यात नेईस्तोवर सारं आटोपलं होतं.

बाप जाण्याचं दुःख कोणाला चुकलं आहे? ते चंद्रभाननेही सोसलं असतं. त्याला पोखरत होतं ते वेगळंच. आई त्याला एका शब्दाने बोलली नव्हती. चार शिव्या घातल्या असत्या, कपाळ बडवून घेतलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती आल्यागेल्याला, "त्याईचं तेवढंच होतं," असं सांगत राहिली, आणि आताही दाराशी बसून मुकाट्याने गहू पाखडत होती. तेरवीनंतर त्याने मशीनचं बटण दाबलं, पडदा काळाच राहिला, त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. ते सुरू होवो, न होवो. याला थंडावा लागतोच, त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं, एवढं या जाणत्या माणसाने आईदेखत म्हणावं, इतकीच त्याची आस होती. शेवटी न राहवून त्यानेच विषय काढला.

"ठंड्या हवेबिगर हे चालतच नाही ना गा?"

केशवने आतली हिरवी पाटी अलगद बाहेर ओढली. तिच्यावर पांढरट बुरा चढला होता, कडेचे स्क्रू गंजून तांबूस झाले होते. त्याने मान वळवून कूलरकडे पाहिलं. कूलर चालूच होता, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला होता. वडील गेल्यापासून चंद्रभानने तो क्षणभरही बंद केला नव्हता. कोणासाठी चालू ठेवला होता, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"याच्यासमोर ठेवलं होतं?" केशवला थोडं हसूच आलं. वाईट मनाने नव्हे; या उन्हाळ्यात ही चूक तो तिसऱ्यांदा पाहत होता. "भाऊ, कूलरची हवा ओली राहते. याले गर्मी चालते, ओल नाही चालत."

चंद्रभानने हट्ट सोडला नाही. पारा सत्तेचाळीसवर गेला होता, म्हणाला. या भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. अशात यंत्र जळून गेलं असतं की नाही?

"काहून जळन? साधा पंखा पुरे. अन् लयच तापलं त दुपारी दोन घंटे बंद ठेवाचं. बस."

सुपाचा आवाज थांबला. केशव आपल्या नादात पुढे सांगत राहिला, की पाटी बदलावी लागेल, ती मुंबईहून येईल, महिना तरी धरून चाला. चंद्रभानला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तो टेबलाचा काठ घट्ट धरून उभा होता आणि आईकडे पाहायची त्याची हिंमत होत नव्हती.

आई उठली. पदराला हात पुसत आत आली आणि तिने कूलरचं बटण बंद केलं. पंख्याची पाती घरघरत हळूहळू थांबली. मग ती बोलली, पण लेकाशी नाही. त्या परक्या माणसाशी बोलली, आणि तेही अगदी साध्या आवाजात, घरातलं काही सामान कुठे ठेवलं आहे ते सांगावं तसं.

"याचे बाबा रात्री अंगणातच झोपत, बाप्पा. त्याईलेही हा कूलर दुपारचे दोनच घंटे लागत होता."