न विकलं जाणारं टोकन

कंपनीचे अधिकारी बिपिन सराफ सभेला आले, तेव्हा कालवखाडीची बाजारातली सगळी टोकनं त्यांच्या कंपनीने घेतली होती.

"आता खाडी आमची. कालवांच्या जागी आलिशान बोटींचा धक्का होईल," ते शांतपणे म्हणाले.

कालवं काढणाऱ्या बायकांनी प्रमिला तांडेलकडे पाहिलं. खाडीचा कारभार ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाच गुपचूप बदलता न येणाऱ्या डिजिटल नोंदवहीवर गेला आणि हक्कांची टोकनं निघाली, तेव्हा सगळ्यांना बाजारात विकता येईल असं एकच टोकन हवं होतं. प्रमिलाने हट्टाने दोन करायला लावली. पहिलं उत्पन्नातल्या पाचव्या हिश्श्याचं. ते चढ्या भावाने विकून बायका मोकळ्या झाल्या होत्या. दुसरं मताचं, खाडीत काय करायचं ते ठरवणारं. ते खाडीत उतरणाऱ्या बाईच्याच नावावर राही, कुणाला विकताच येत नसे. "ज्याला भाव नाही ते घेऊन काय चाटायचं?" असं तेव्हा तिची सासूच म्हणाली होती.

"मतदान घेऊ," प्रमिला म्हणाली.

पडद्यावर आकडे उमटले. धक्क्याच्या बाजूने शून्य, विरोधात दोनशे बारा. सराफांनी पुन्हा मोजायला लावलं. आकडे तेच आले.

"तुमचा हिस्सा वेळेवर मिळेल, साहेब," प्रमिला म्हणाली. "आम्हाला निघायला हवं, ओहोटी लागलीय."

दोनशे बारा बायका हसत, टोपल्या घेऊन आपल्या खाडीत उतरल्या.