पुढची मोकळी जागा

चालणाऱ्या माणसाचा फोटो काढताना त्याच्यापुढे मोकळी जागा सोडायचीच, हा स्टुडिओवाल्या आजोबांचा नियम. त्यापायी त्यांनी शिकाऊंचे कितीदा कान पिळले होते.

आज स्टुडिओतच नातीनं धरलेलं स्टूल सोडलं आणि आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकलं. आजोबांनी झडप घालून कॅमेरा उचलला. नात एका कडेला, पुढे मोकळी फरशी. चौकट झकास जमत आली.

"बाबा, दाबा की आता," लेक कुजबुजली.

"थांब गं, पुढे अजून जरा जागा हवी," म्हणत ते मागे सरकले.

नात अडखळली. समोरच्या रिकाम्या फरशीकडे बघून तिनं ओठ काढला. ती बसकण मारणार, एवढ्यात आजोबांनी कॅमेरा लेकीच्या हातात कोंबला आणि हात पसरून त्या फरशीवरच फतकल मारली. नात हसत, धडपडत येऊन त्यांच्या छातीवर आदळली. लेकीनं बटण दाबलं.

तोच फोटो आता स्टुडिओच्या दर्शनी काचेत आहे. आजोबांचं अर्धं डोकं त्यात कापलं गेलंय.

"बाबा, तुमचा नियम मोडला. पुढे बोटभरही जागा नाही," लेक चिडवते.

"होती की जागा," आजोबा म्हणतात. "माझीच होती ती, म्हणून जाऊन बसलो."