रेडिएटरखालच्या इस्त्र्या

अल्बिनानं पाचवी इस्त्री चिंधीत गुंडाळली आणि ट्रॅक्टरच्या रेडिएटरखालच्या पोकळीत कोंबली. सासूच्या काळच्या इस्त्र्या, चुलीवर तापवायच्या, भरीव लोखंडाच्या. मग लोखंडी चुलीच्या तोंडांवरची दोन जड झाकणं. खडखड नको म्हणून वरून गवताचे भारे बांधायची तार आवळली. सगळं मिळून चाळीस पाउंड. तिनं काट्यावर तोलून घेतलं होतं.

घाई नव्हती. जन्मात दिवसा न झोपलेला तिचा नवरा लुमीर हल्ली जेवला की आडवा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी जत्रेत ट्रॅक्टर-ओढीची शर्यत होती. मागे लोखंडी घसरगाडी जोडायची. ती पुढे सरकेल तसं तिचं ओझं वाढत जातं. ज्याचा ट्रॅक्टर जास्त फूट जाईल तो जिंकला. लुमीरचा ट्रॅक्टर बापाचा, युद्धाआधीचा. चार हजार पाउंडांच्या वर्गात तो दर वर्षी शेजारच्या लॅडीच्या मागे दुसरा यायचा. अख्ख्या नेब्रास्कात इतक्या चिकाटीनं दुसरा आलेला माणूस नसेल. यंदा त्यानं ठरवलं, खालच्या वर्गात उतरायचं. साडेतीन हजार पाउंड, ट्रॅक्टर आणि वर बसलेला माणूस मिळून.

एप्रिलमध्ये तो गावच्या धान्यकोठाराच्या काट्यावर ट्रॅक्टरसकट चढला, आकडा घेऊन आला, आणि मग सुरू झालं सोलणं. मडगार्ड गेले. मागच्या टायरांत वजनासाठी भरलेलं मिठाचं पाणी गेलं. शेवटी पुढच्या बाजूची लोखंडी वजनंही गेली. काढलेली प्रत्येक वस्तू तो तोलायचा आणि गोठ्याच्या दारावर खडूनं वजा करायचा.

"अरे, पुन्हा एकदा कोठारावर जाऊन बघ की," अल्बिना म्हणायची.

"कशाला? वजाबाकी कधी खोटं बोलत नाही."

लॅडी कुंपणावर कोपर टेकून मजा बघायचा. "लुमीर, आता रंग तेवढा खरवडायचा राहिला!"

"तोही खरवडला असता. पण ट्रॅक्टर त्यानंच एकत्र धरलाय."

जुलैत त्याची लग्नाची अंगठी ऑइलच्या तसराळ्यात सापडली. "बरं झालं, तेवढंच वजन कमी!" म्हणत त्यानं ती खिळ्याला अडकवली. मग पत्र्याची सीट टोचायला लागली म्हणून तिच्यावर पोत्याची घडी आली. पोत्याचं वजनसुद्धा दारावर मांडलं गेलं आणि शेवटचा आकडा बरोब्बर साडेतीन हजारावर आला. इतका चोख हिशोब! जेवायला बसला की मात्र लक्ष ताटात नसायचं. टेबलाखालचा कुत्रा त्या उन्हाळ्यात असा फुगला की दारातून तिरका जायचा. शर्यतीचं वेड, दुसरं काय, असं अल्बिना म्हणायची.

तिचं सगळं लक्ष पुढच्या चाकांवर होतं. पुढून हलका झालेला ट्रॅक्टर जोर लावताना घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहतो. तिचा भाऊ एमिल असाच गेला, याच जत्रेत. ट्रॅक्टर उभा राहिला, उलटला आणि त्याच्यावर आला. लोक बाकांवर बसून कोलाचे, आलुबुखारा भरलेले गोड पाव, खात होते. घास हातातच राहिले. यंदा पुढची वजनं उतरल्यापासून रोज सकाळी गोठ्याकडे जाताना तिला वाटायचं, ती दोन चाकं जमिनीपासून बोटभर वर आहेत.

बोलून उपयोग नव्हता. म्हणून इस्त्र्या. काट्यावर चाळीस पाउंड जादा भरले की लुमीरला वरच्या वर्गात जावं लागेल. पुढची वजनं परत लागतील. हरेल. हरू दे.

शनिवारी जत्रेत वारा पडला होता. झेंडे काठ्यांना चिकटले होते आणि घोडे चारा सोडून उगाच कान हलवत होते. लुमीर ट्रॅक्टर घेऊन काट्यावर चढला. पुढची चाकं फळीवर येताना जराशी उचलल्यासारखी झाली. अल्बिनानं कुंपणाची तार घट्ट धरली.

"घाबरू नको गं," लॅडी म्हणाला. "जास्त भरला तर त्याला नुसत्या चड्डीवर बसवू."

ती हसली. जास्त भरणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

काटेवाल्यानं चष्मा पुसला. वाकला. पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

"तीन हजार पाचशे. बरोब्बर! पाउंड इकडं नाही की तिकडं नाही."

लोकांनी टाळ्या पिटल्या. लॅडीनंसुद्धा टोपी काढली.

"पाहिलंस, अल्बिना?" वरून लुमीर ओरडला. "वजाबाकी!"

अल्बिना ट्रॅक्टरपुढे गेली. बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसली आणि रेडिएटरखाली हात घातला. तार तशीच आवळलेली. चिंध्या तशाच. एक, दोन, तीन, चार, पाच. दोन झाकणं. लोखंड सगळं जागच्या जागी होतं.

चाळीस पाउंड जादा, आणि तरी काटा बरोब्बर. मग चाळीस पाउंड गेले कुठे? दारावर सगळं तोलून लिहिलेलं होतं, अगदी पोत्यासकट.

तिनं मान वर केली. पोत्याच्या घडीवर बसून लुमीर टोपी हलवत होता. मनगटावरून सदऱ्याची बाही कोपरापर्यंत घसरली होती. खांद्यांवर पट्टे असलेली कामाची विजार त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखी लोंबत होती.

"ट्रॅक्टर खाली घ्या," ती काटेवाल्याला म्हणाली. "ह्याला एकट्याला तोला."