साहेबांची बंडी

"मास्तर, बघू नका हं," सिस्टर म्हणाली.

"कोण बघतंय? मी आपला भिंतीकडे तोंड करून बसलोय, वर्गात शिक्षा झाल्यासारखा," मास्तर शिलाई मशीनवरून म्हणाले, आणि भिंतीवरच्या आरशात डोळे लावून बसले.

शिंप्याच्या दुकानातला आरसा गिऱ्हाइकासाठी असतो. पण गेले आठ दिवस मास्तर त्यातून एका कुत्र्याला न्याहाळत होते. सरळ बघायची सोयच नव्हती. सरळ बघितलं की साहेब दात विचकून अंगावर येत, आणि मग स्वतःच लटलट कापत सिस्टरच्या पायांत शिरत. साहेब हे नाव तिनंच ठेवलेलं. पलीकडच्या दवाखान्यात ती नर्स होती. प्राण्यांच्या निवाऱ्यातून त्याला घरी आणून महिना झाला होता, आणि महिन्याभरात तो दोनदा दचकून गळ्यातल्या पट्ट्यातून निसटला होता. दुसऱ्यांदा ट्रकखाली जायचा राहिला, तो केवळ दैव बलवत्तर म्हणून. निवाऱ्याच्या बाईंनी बजावलं होतं, आता एकदा जरी सुटला तरी आम्ही त्याला परत नेऊ. बाजारातले तयार पट्टे त्याला काचत, आणि काचलं की तो चावे. म्हणून ही बंडी.

पहिल्या दिवशी मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, तर साहेबांनी दुकान डोक्यावर घेतलं. त्याच्या अंगावर कुणी काय काय उगारलं असेल, देव जाणे. मास्तरांनी मुकाट्यानं टेप खणात टाकली. चाळीस वर्षांत त्यांचा गळा असा मोकळा कधी दिसला नव्हता. येणारा-जाणारा विचारायचा, मास्तर, बरं नाही का? माप मग आरशातूनच घेतलं, नुसत्या नजरेनं. चापबटणं लावली, तर त्यांच्या 'टक्' आवाजानं साहेब कोपऱ्यात जाऊन बसले. ती उसवून मास्तरांनी साधी बटणं लावली आणि तीन काजं हातानं केली. बायको म्हणाली, "जावयाचा कोटसुद्धा एवढ्या लाडानं शिवला नव्हता तुम्ही."

"जावई चावत नाही," मास्तर म्हणाले.

आज ट्रायल होती.

"झालं. तिसरं बटणही लागलं," सिस्टर कुजबुजली.

साहेब बंडी घालून उभे होते. वरून खाकी कॅनव्हास, आतून मऊ फ्लॅनेल, पाठीवर दोरी अडकवायला कडी. शेपूट पोटाशी होती खरी, पण ते उभे होते. मास्तरांना इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. त्यांनी उगाचच मशीनचं चाक पुसलं.

"मास्तर, काखेत ढिली वाटते. माझी दोन बोटं जातायत आत."

"असू द्या. वाढतं अंग आहे."

"अहो, सहा वर्षांचा आहे हा! आता काय वाढणार?"

"बरगड्या मोजून घ्याव्यात, असा आणलात. चार महिने तुमच्या हातचं खाल्लं की अंग धरेल. मग काय, पुन्हा नवी शिवायची?"

तेवढ्यात शेजारच्या दुकानदारानं शटर वर ढकललं. धाडकन आवाज झाला. साहेब मागे सरले, मान खाली घालून त्यांनी एक हिसडा दिला, आणि दुसऱ्या क्षणी सिस्टरच्या हातातल्या दोरीला नुसती बंडी लोंबत होती. तिन्ही बटणं लागलेलीच होती.

मास्तर उठायला गेले. दोन बोटं! चाळीस वर्षांच्या सवयीनं घात केला. दार सताड उघडं होतं, आणि दाराबाहेर वाहता रस्ता.

"उठू नका," सिस्टर जागची न हलता म्हणाली. "आपण हललो की तो पळणार."

आरशात साहेब उंबऱ्यावर दिसत होते. पुढचा एक पाय बाहेर, पायरीवर. रस्त्यावर कुणीतरी कर्कश हॉर्न दिला. मास्तरांची ओरड गळ्यापर्यंत आली होती, ती त्यांनी गिळली. थांब रे राजा, ते मनात म्हणाले, चूक माझी आहे, तू कशाला भोगतोस? आणि मग त्यांना वाटलं, आपल्या नजरेचंसुद्धा त्याला ओझं होत असेल. त्यांनी आरशातूनही डोळे काढले आणि मान खाली घातली.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग फरशीवर नखं वाजली. हळूहळू, थांबत थांबत. काय येतंय ते मास्तरांना कळलं, पण त्यांनी मान वर केली नाही. मशीनखाली काहीतरी सरपटलं, आणि पायट्यावरच्या त्यांच्या दोन्ही पावलांवर एक गरम, थरथरतं ओझं येऊन टेकलं.

सिस्टर दबक्या पावलांनी दाराशी गेली आणि मटकन खाली बसली, दार अडवून. "गाढवा," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. मास्तरांचेही डोळे भरले होते. पुसायला हात वर केला तर तो बिचकेल, म्हणून ते तसेच बसून राहिले.

थरथर कमी व्हायला पाच-दहा मिनिटं लागली. मग खालून एक मोठा उसासा ऐकू आला, आणि ओझं जड झालं. साहेब झोपले होते.

सिस्टरनं बसल्या बसल्या बंडी पुढे सरकवली. "आता घट्ट करून द्या बाई. ही दोन बोटं काढून टाका."

मास्तरांनी बंडी मांडीवर घेतली, शिवण उसवली, आणि सुईत दोरा ओवायला लागले.

"हातानं?" सिस्टर म्हणाली. "तास जाईल की! मशीन पुढ्यात आहे, पाच मिनिटांचं काम."

"मशीनला काय झालंय?" मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले. "पाय रिकामे नाहीत."