तिसरा कान

"पण मधात कोनाले आयकू येते का?" सदाशिवरावांनी चौथ्यांदा विचारलं.

रत्नदीपने चौथ्यांदा सांगितलं की नाही येत. बोलणं या फोनवर कुलूपबंद होतं आणि थेट त्या फोनवर उघडतं. मधल्या सर्व्हरला नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

अल्लीपूरच्या घरात बसून रत्नदीप आठ महिने हे ॲप लिहीत होता. बोलणं असं कुलूपबंद पोचवणारी एक संस्था परदेशात होती, पण तिचं स्वतःचं ॲप नेहमीच्या फोनांपुरतं. रत्नदीपने दोन जुन्या फोनांवर ओपन सोर्स प्रणाली चढवली होती, जिचा कोड कोणीही उघडून तपासावा. तिच्यासाठी असलं ॲप कोणी केलंच नव्हतं. जगभरात वापरणारे निघाले असते दोन-तीन हजार. गावात एकच, शेजारचे सदाशिवराव, वय अठ्ठ्याहत्तर.

सदाशिवराव डाक-तार खात्यातून निवृत्त झालेले. गावाने त्यांना पोस्टातला कारकून धरलं होतं आणि त्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. रोज चहाच्या वेळी यायचे, एक फोन कानाला लावून ओट्यावर जायचे आणि रत्नदीप घरातून बोलायचा. मध्येच ते म्हणायचे, "तीन मिनटं झाले." हातात घड्याळ नाही. रत्नदीप पडद्यावर बघायचा, तर बरोब्बर तीन मिनिटं. सुरुवातीला त्याला गंमत वाटली. पुढे पुढे जरा धाकच वाटायला लागला.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हिंगणघाटला कमलाबाई म्हणून आहेत. त्या फोनवर कुणाशीच बोलत नाहीत. "एकडाव मनातलं बोलता आलं पायजे, तिसरा कान मधात नसतानी. मंग मी सुटलो. माह्यापाशी आता वर्सं किती राह्यले?"

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रेम! रत्नदीपने काय ते ओळखलं, आणि म्हाताऱ्याचा त्याला भारी हेवा वाटला.

ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचा दिवस आला. रत्नदीप शेवटचं बटण दाबणार, तेवढ्यात सदाशिवरावांनी विचारलं, "कोन कोनाशी बोललं, किती वेळ बोललं, हे कुठी लिहून राह्यलं का?"

"नाई, काकाजी," म्हणता म्हणता तो थबकला. चुका शोधायला बरं पडावं म्हणून त्यानेच सुरुवातीला एक लॉग फाइल ठेवली होती. ती काढायची राहून गेली होती. नाव, वेळ, मिनिटं, सगळं त्यात उघड्यावर पडलेलं. बाहेरच्या दोन जाणकारांनी कोड ओळन् ओळ वाचला होता, त्यांच्याही नजरेतून ती सुटली होती.

रत्नदीपने बटणावरून बोट काढलं. तुम्हाला हे सुचलं कसं, असं त्याने विचारलं.

"आयकणाऱ्याले बोलणं मंग लागते," सदाशिवराव म्हणाले. "पयले चिठ्ठी लागते. कोनाचा फोन, कोनाले."

कसली चिठ्ठी ते रत्नदीपला कळलं नाही. पण हजारो अनोळखी माणसांची गुपितं या एका प्रश्नाने वाचली होती. त्याने फाइल काढली आणि त्यांच्या पाया पडला.

दोघं रविवारी हिंगणघाटला गेले. एक फोन रत्नदीपच्या पिशवीत होता. दुसरा सदाशिवरावांनी आधीच सवयीसाठी म्हणून मागून घेतला होता. शुक्रवारी तो खिशात घालूनच ते डोळे दाखवायला नागपूरला जाऊन आले होते.

कमलाबाई ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सदाशिवरावांनी नुसते हात जोडले आणि फाटकापाशी जाऊन बसले. लाजत असतील, असं रत्नदीपला वाटलं. त्याने फोन पुढे केला. कमलाबाईंनी तो हळूच बाजूला सारला.

"मी फोनवर बोलत नाई, बाबू. चाळीस वर्सं झाले."

माहेर आष्टीचं. तिथल्या पोस्टातून त्यांनी नागपूरला एकाला ट्रंक कॉल लावला होता. दोन्ही घरं एका पंगतीला बसणारी नव्हती, म्हणून पळून जायचं ठरवायला. सोमवारची गाडी ठरली. कमलाबाई घरी पोचण्याआधीच बात वडिलांपर्यंत पोचली होती. महिन्याभरात दुसरीकडे लग्न लावून त्यांना हिंगणघाटला धाडलं.

"आमी दोघं, अन् मधात फोन जोडणारा आपरेटर. टाइम भरला तवा त्यानं मधात एकच गोष्ट इचारली, मी हो म्हटलं. तो आवाज अजून कानात हाये."

तेवढ्यात फोन वाजला. रत्नदीपने हसत फाटकाकडे पाहिलं. सदाशिवरावांचे दोन्ही हात रिकामे होते. दुसरा फोन नागपूरहून परत आलाच नव्हता.

पडद्यावर नाव होतं, हिरालाल. कमलाबाईंच्या हातातली जुडी सुटली. "यालेच लावला होता," त्या म्हणाल्या. मग फोनला हात न लावताच, "मधात कोन हाये?"

"कोनीच नाई, मावशी. मी बनवलं, पण मलेबी आयकू येत नाई."

त्याने फोन उचलून पडद्यावरचे आकडे दाखवले. दोन्हीकडचे जुळले की मध्ये कोणी नाही, हे पक्कं. कमलाबाईंनी ते एकेक करून वाचले. नागपूरहून एक थकलेला आवाज तेच आकडे वाचत गेला. शेवटचा आकडाही जुळला.

रत्नदीप अंगणात उतरला. स्वतःच लिहिलेल्या ओळींसमोर हात जोडावेत असं त्याला वाटत होतं. मागे कमलाबाई हलक्या आवाजात बोलत होत्या, आणि मग चक्क हसल्या.

सदाशिवराव उठले. ओसरीच्या पायरीपाशी येऊन त्यांनी पुन्हा हात जोडले आणि रत्नदीपने कधीच न ऐकलेल्या, ऑफिसातल्या कोरड्या, स्वच्छ आवाजात म्हणाले,

"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"