शेजारची वाटी

पेशवाईतल्या शेजाऱ्यांच्या त्या नाटकात ओगल्यांचा एक हमखास हशा होता. पुठ्ठ्याच्या भिंतीवरून शेजारीण उसनी नेलेली वाटी परत करायची आणि आत बघून ते तोंड पाडून म्हणायचे, "रिकामीच परत केलीत?"

शेजारीण व्हायच्या कुमुदबाई. घरीही त्या शेजारच्याच. दोघंही एकटीच. गेल्या प्रयोगानंतर ओगल्यांनी धीर करून लग्नाचं विचारलं होतं. त्या नुसत्या पगड्या आवरत राहिल्या.

आज वाटी जड लागली. आत बेसनाचा लाडू होता.

"रिकामीच म्हणा, रिकामीच!" विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला. ओगल्यांनी वाटी हाताने झाकली.

"रिकामीच... परत केलीत?" प्रेक्षक पोट धरून हसले.

हशा ओसरायच्या आत भिंतीपलीकडून नाटकात नसलेलं वाक्य हळूच आलं, "उद्या वाटी घरी आणून द्या. रिकामी नको."