अम्माची बेटफेरी

"आरसा जरा खाली कर पुता, तुझा चेहरा दिसत नाही मला," मागच्या सीटवरून सीलवती अम्मा म्हणाली.

लसंतने आरसा खाली केला. उजव्या हाताला जाफन्याचं खाजण लखलखत होतं. गोरे पाहुणे या जागी गाडी थांबवायला लावतात, फोटो काढून काढून वैताग आणतात. अम्माने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

नेगोंबोच्या भाडोत्री गाड्यांच्या गॅरेजात तिचा विषय निघाला की हशा पिकायचा. दालचिनीचा मळा विकला आणि म्हातारी देश बघत सुटली! वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस, आणि दर खेपेला ड्रायव्हर नवा. "एक जण दुसऱ्यांदा पसंत पडेल तर शपथ," तिथला ड्रायव्हर बंदुल म्हणायचा. फेरी कशी झाली विचारलं, की तोच बंदुल कानाला हात लावायचा. "देवाला शब्द दिलाय बाबा. बोलायचं नाही."

आता गॅरेजात तिला न फिरवलेला एकटा लसंतच उरला होता. आपली गाडी तिला आवडायलाच हवी, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

जाफन्याच्या बाजारात अम्माने पावशेर लाल मिरच्या घेतल्या आणि पुडीला सुतळीची गाठ मारली.

"एवढ्या तिखटाचं कालवण कोण खाणार अम्मा?"

"खाणारा मिळेल. तुझ्या घरी कोण करतं रे स्वयंपाक?"

"आईच. बाप मासेमारीवर. मीही विसाव्या वर्षापर्यंत होडीतच होतो. ड्रायव्हर झालो, तो बापाशी भांडून!"

अम्मा हसली. बाई मोठी गोड, हे मात्र खरं. त्रिंकोमालीला तिने आपल्या डब्यातली खोबऱ्याची संबोल चटणी त्याला वाढली, नुवारा एलियाच्या थंडीत स्वतःची शाल दिली. तिथेच, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून, ती सहज बोलावं तशी म्हणाली, "माझा रुवन असता तर तुझ्याच वयाचा असता."

"काय झालं त्याला?"

"चार वर्षांपूर्वी, वेसाक पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. सायकलवर कागदी कंदील लावून घरी येत होता. अंबलंगोडाच्या अलीकडे एका गाडीने उडवला. थांबलासुद्धा नाही मेला. थांबला असता तर वाचला असता माझा मुलगा."

लसंतने पेला तसाच खाली ठेवला. त्या दिवशी आपल्या गाडीच्या पुढच्या जाळीत अडकलेला निळा कंदील त्याने वीस मैल पुढे जाऊन उपटून ओढ्यात फेकला होता. ही गोष्ट त्याने आईलाही सांगितली नव्हती.

त्यानंतर तीन दिवस त्याने गाडी चालवली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. म्हातारी माझ्याच गाडीत बसून मुलासाठी झुरतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, बिचारी! आणखी एक दिवस काढला की सुटलो.

मातर आलं तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, आतल्या मोठ्या रस्त्याने जाऊ. दोन तासांत कोलंबो."

"किनाऱ्याने चल. समुद्र बघायचाय मला."

"आठ दिवस काय बघत होतात मग?"

अम्माने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. चार वर्षं टाळलेला रस्ता लसंतला धरावाच लागला.

सीनीगमाच्या रस्त्याकडच्या देवळाशी सगळ्याच गाड्या थांबतात. ड्रायव्हर उतरतो, देवाच्या पेटीत नाणं टाकतो, हात जोडतो. लसंतही उतरला. नाणं त्याच्या हातून दोनदा निसटलं.

"आता होडीने पलीकडे," अम्मा त्याच्या मागे उभी होती. समोर पाण्यात, हाकेच्या अंतरावर, खडकावरचं देऊळ. तिथे पाटा आहे. ज्याचं वाईट झालं तो तिथे मिरच्या वाटतो, शाप देतो आणि देव तो पोचवतो. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"माझ्या हातांत जोर नाही पुता. वरवंटा दोघं मिळून फिरवू. फार काही म्हणायचं नाही. माझ्या रुवनला ज्याने मारलं, त्याचे हात झडोत. एवढंच. आणि घरी जाऊन कुणाला सांगायचं नाही, शब्द दे देवाला."

लसंतने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मी... मी इथेच थांबतो अम्मा. मला पाणी सोसत नाही. होडीत पाय ठेवला की ओकारी येते."

अम्माने मिरच्यांची पुडी हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. "बस मग."

ती एकटीच गेली. लसंत गाडीत येऊन बसला. घाम पुसता पुसता त्याने पलीकडे कान लावला, पण लाटांशिवाय काही ऐकू येईना. नाव ना गाव, शाप लागणार कोणाला? त्याचा जीव हळूहळू खाली बसला. सुटलो रे बाबा!

अम्मा लवकरच परतली. या खेपेला ती मागे न बसता पुढे, त्याच्या शेजारी बसली. मांडीवर मिरच्यांची पुडी, सुतळीची गाठ तशीच.

"वाटल्या नाहीत?"

"नाही. रुवन पडला तिथल्या पानवाल्याने गाडीच्या पाठीवरचं नाव वाचलं होतं. तुमच्या गॅरेजाचं. तिथे ड्रायव्हर आठ. सात जणांना फिरवून इथे आणलं मी. सातही जण बाह्या सरसावून होडीत बसले, माझ्यापेक्षा मोठ्याने शाप दिले पोरांनी." तिने गाठ सोडायला घेतली. "सात वेळा बिननावाच्या वाटल्या. आज पुजाऱ्याला म्हटलं, जरा थांबा, होडीही थांबवून ठेवा. तुझं पूर्ण नाव सांग पुता, बापाच्या नावासकट."